मागच्या सीटवरच्या भाकऱ्या

देवाने हे जग तयार केलं तेव्हा आमचे साडू तिथे हजर असते, तर जग अजून कारखान्याच्या बाहेर पडलं नसतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात माल तपासायला होते. तयार चादर उजेडाकडे धरायची, चुकलेला धागा हुडकायचा आणि 'नापास' म्हणून बाजूला टाकायची, हे काम त्यांनी इतकं मन लावून केलं की निवृत्त झाले तरी ते सुटलं नाही. चादरी संपल्या म्हणून ते माठांकडे वळले, माठांवरून पंख्यांकडे आणि पंख्यांवरून माणसांकडे. माठ घ्यायला गेले की ओळीने सगळे वाजवून पाहणार. एकदा तर कुंभारीण वैतागून म्हणाली, "काका, माठ न्यायचाय का बँडपथक काढायचंय?" चप्पल घेताना दुकानातल्या गालिच्यावर दोन पावलं टाकून त्यांचं समाधान होत नाही. मला जामीन म्हणून काउंटरपाशी बसवून ते नवी चप्पल घालून अख्ख्या नव्या पेठेला वळसा मारून आले आणि "डावी बोलती" असं सांगून जोड परत केला. मी स्वतः दुकानदार देईल ते मुकाट्याने पिशवीत टाकणारा माणूस. त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी नापास आहे, आणि माझी स्वतःची गणनाही ते त्यातच करत असावेत.

त्यांच्या लेकीला मुलगा पाहायला आला तेव्हा पगार, पत्रिका, घरदार हे सगळं त्यांनी आमच्यावर सोडलं. स्वतः आतून एक डबल चादर घेऊन आले आणि मुलाला म्हणाले, "धरा की टोक." बैठकीत सगळ्यांचे चहाचे कप हवेतच राहिले. मुलाने मात्र उठून टोकं धरली, चादर ताणली, साडू पुढे चालत आले तेव्हा जागचा हलला नाही, आणि घडी पुरी होईपर्यंत त्याच्या हातून एकही टोक सुटलं नाही. "पास," साडू म्हणाले. मुलगा रत्नागिरीचा होता, एवढी एकच गोष्ट त्यांनी तपासली नव्हती.

सोलापूरहून रत्नागिरी किती लांब आहे हे लग्नाच्या गडबडीत कुणाला जाणवलं नाही. ते जाणवलं लेकीच्या पहिल्या बाळंतपणात. पाळणा माहेरी हलायचा, तर नेमक्या त्याच सुमारास आमच्या ताई, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, ओल्या फरशीवर घसरून पडल्या आणि त्यांच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. बाळंतीण सासरीच राहिली. नात झाली, तिचं बारसं झालं, ती बसायला लागली, रांगायला लागली आणि ताईंनी हे सगळं फोनच्या काचेतून पाहिलं. लेकीची नोकरी नवी, रजा संपलेली, त्यात बाळाला घाट लागतो, म्हणून तिचंही येणं लांबत गेलं. ताईंना बस नको होती आणि जिने चढत-उतरत बदलायची रेल्वेही नको होती. डॉक्टर म्हणाले होते, "जायला हरकत नाही, पण वाकून बसायचं नाही आणि धक्के नकोत." आता नातीचा पहिला वाढदिवस पंधरवड्यावर आला होता. बारशासाठी घेतलेलं झबलं तिला आता दंडातसुद्धा बसायचं नाही, हे ताई रोज एकदा बोलून दाखवत आणि बोलताना साडूंकडे बघत नसत.

साडूंची जुनी गाडी एवढी बुटकी की तिच्यात बसणं म्हणजे आडात उतरणं. म्हणून नवी घ्यायची ठरली. शोरूममध्ये ती छोटी एसयूव्ही उभी होती. आखूड, उंच, चारी बाजूंनी सरळ कापलेली, मोठ्या डब्याला चाकं लावावीत तशी. दार उघडलं, ताई जरा मागे सरकल्या आणि खुर्चीत बसावं तशा न वाकता बसल्या. मग नुसता सीटवरून हात फिरवला. दुसऱ्या कुणीही त्याच घटकेला गाडी ठरवून पेढे आणले असते. पण चहाच्या टपरीवर साडूंना कुणीतरी सांगितलं, "असली उंच डबा गाडी गावात झ्याक. हायवेला न्हाई. वारं धरती. बाजूनं ट्रक गेला की डुलती."

झालं. त्या दिवसापासून साडूंची झोप उडाली. पेट्रोल पंपावर तसली गाडी दिसली की ते काचेवर टकटक करून विचारत, "डुलती का हो?" एका गृहस्थाला वाटलं आपण प्यालोय असा संशय घेतायत, तो अंगावर धावून आला. दुपारी हे हायवेच्या कडेला उन्हात उभे राहून जाणाऱ्या गाड्यांची टपं न्याहाळत. वाढदिवस जवळ येत होता, घरात ताईंचं बोलणं कमी कमी होत चाललं होतं आणि माझी बायको मला सुनावत होती, "तुम्ही तरी सांगा ना त्यांना काहीतरी!" जसं काही माझं कधी कुणी ऐकतं.

शेवटी शोरूमने एका सकाळी लांबच्या फेरीसाठी गाडी दिली, सोबत त्यांच्या एक मॅडमही आल्या. साडू आले ते पांढऱ्या टॉवेलात बांधलेलं एक गाठोडं दोन्ही हातांनी धरून. आत ज्वारीच्या कडक भाकऱ्या होत्या. वाळवून पापडासारख्या केलेल्या या भाकऱ्या नुसत्या शिंकेनेही मोडतील अशा असतात. त्यांनी ते गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यो हिचा मणका. ह्यो आक्खा माघारी आला तर गाडी पास."

मॅडम हसल्या. मग आम्ही दोघं हसत नाही हे पाहून त्यांनी पुढे बसून मुकाट्याने पट्टा लावला.

गाडी मी चालवत होतो. साडू मागे डावीकडे, ताई जिथे बसणार होत्या तिथे, पट्टा लावून आणि डोळे मिटून बसले. डोळे उघडे असले की माणूस खड्ड्याला आधीच तयार होतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना काळं रान उघडं झालं आणि वारा आडवा आला. गाडीला कुणीतरी खांद्याने हलकं ढोसावं तसं झालं. "डुलली," मागून आवाज आला. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. एक कंटेनर शेजारून सूं करत गेला आणि गाडी आधी त्याच्याकडे ओढली गेली, मग बाहेर ढकलली गेली. "डुलली." मॅडम म्हणाल्या, "सर, हाइटची गाडी आहे, थोडं जाणवणारच. पण कंट्रोल बघा ना!" साडू गाठोड्याकडे कान लावून होते.

थोड्या वेळाने काय झालं कुणास ठाऊक, मीही कान लावून बसलो. पुलाचा सांधा आला की माझा श्वास अडके. गतिरोधक आला की मी गाडी अशी उतरवी की जणू झोपलेल्या लेकराला पलंगावर ठेवतोय. मॅडमसुद्धा वळून वळून मागे बघायला लागल्या. सांगोल्याच्या अलीकडे आम्ही थांबलो, साडूंनी टॉवेलाची गाठ सोडली आणि एकेक भाकरी उजेडाकडे धरून पाहिली. सगळ्या अखंड. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, पण त्यांनी आम्हा दोघांना चहा पाजला आणि पहिल्यांदाच चहाला नावं ठेवली नाहीत. मला वाटलं, जमलं.

परत येताना, सोलापूर जवळ आलेलं असताना, दुभाजकाच्या फटीतून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अचानक आमच्यासमोर आडवा आला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. मॅडम किंचाळल्या. गाडी नाकावर दबली, सरळ रेषेत घसरली आणि ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाची पानं काचेला लागायच्या आत थांबली. मग एवढी शांतता झाली की ट्रॅक्टरवाल्याच्या टेपवरचं गाणंसुद्धा स्पष्ट ऐकू आलं. मी मागे वळून पाहिलं तर साडू पट्ट्याने जागच्या जागी धरलेले, आणि गाठोडं खाली, पायांपाशी पडलेलं. ते त्यांनी उचललं. आतून वाळूसारखा आवाज आला.

"नापास," ते म्हणाले.

"अहो सर!" मॅडमचा आवाज रडवेला झाला होता. "गाडी थांबली म्हणून आपण वाचलो! आणि घरच्या मॅडमना आपण बेल्ट लावणार ना? भाकरीला लावला होता का?"

शोरूमपासून घरापर्यंत साडू ते गाठोडं मांडीवर घेऊन रिक्षात बसून राहिले. मला त्यांचा इतका संताप आला होता की तोंड उघडलं असतं तर नातंच तुटलं असतं.

ताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी गाठोडं पाहिलं, मग नवऱ्याचं तोंड, आणि प्रश्न मला विचारला.

"भाऊ, गाडी थांबली का?"

"जागच्या जागी."

"कुणाला लागलं तर न्हाई?"

"नाही."

त्या गाठोडं घेऊन आत गेल्या. जरा वेळाने गरम आमटीचे तीन वाडगे घेऊन आल्या, त्यात ते सगळे तुकडे कुस्करून घातलेले. "खावा," त्या साडूंना म्हणाल्या.

"सगळ्या मोडल्या गं."

"मंग? कडक भाकरी आक्खी गिळत्यात व्हय? ती मोडायचीच असती. डब्यात जपून ठिवली तर वास मारती." ताई हळूच खुर्चीत बसल्या. "मला वरीस झालं तुमी डब्यात ठिवलंय."

साडूंनी वाडगा खाली ठेवला. मग कुणाकडेच न बघता, आमटीकडे बघत ताईंना म्हणाले, "तुला दवाखान्यात न्हेलं ती रिक्षा आठवती? परत्येक खड्ड्याला तू माझा हात दाबत हुतीस. वरडत न्हवतीस. नुसती दाबत हुतीस. त्यो रस्ता मी सांगितला हुता. जवळचा म्हणून. तपासला न्हवता."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. माझा संताप कुठल्या कुठे गेला. या माणसाला मी किती हसलो होतो, आणि हा वर्षभर त्या एका रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जात होता.

ताईंनी चमचा साडूंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मंग आता लांबच्या रस्त्यानं न्या की."

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी ती चौकोनी गाडी आमच्या दारावरून गेली. मध्ये कोल्हापूरला मुक्काम करायचा होता. साडू दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकलेले, मागे ताई चादरीची घडी पाठीशी घेऊन ताठ बसलेल्या, आणि त्यांच्या शेजारी टॉवेलातलं नवं गाठोडं, त्याला नीट पट्टा लावलेला. त्या वेगाने ते कोल्हापूरला सुद्धा पोचतात की नाही अशी मला शंका होती. पण पोचले. तिकडे राहिलेसुद्धा. ताई नातीला सोडायला तयार नाहीत. इथे त्यांच्या दाराला महिनाभर कुलूप आहे. परवा मी माठ आणला, सवयीने न वाजवताच, आणि तो कोपऱ्यातून झिरपतोय. नावं ठेवायला कुणी नसल्यामुळे तो तसाच वापरतोय.

काल त्यांना फोन केला. गाडी कशी आहे, विचारलं.

"डुलती," साडू म्हणाले. "लई डुलती, पाव्हणं. मी सांगत हुतोच."

"आणि ताई?"

"झोपली हुती ओ. सांगोला सोडलं आन् झोपली, ती मिरजंपतूर. वरसात अशी झोपली न्हवती. मी आरशातनं बघत हुतो."

"मग पास का नापास?"

तेवढ्यात फोनमधून 'कट्' असा आवाज आला आणि पाठोपाठ एका लहान मुलीचं खिदळणं. पुन्हा एकदा कट्. मला वाटलं, ते आता ओरडणार.

"मोड, बाळा," आमचे साडू म्हणत होते, "ती बी मोड." माझा फोन चालू आहे हे ते विसरूनच गेले होते, आणि मीही तो बराच वेळ ठेवला नाही.