पेशींचा राखणदार

आचऱ्याला आमच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत आणि अंगणात कोकम सरबताचं टेबल. टेबलामागचा फलक मी स्वतः रंगवलाय: ‘कोकम प्या. अँटिऑक्सिडंट भरपूर. पेशींचे रक्षण करते.’ त्याआधी तिथे ‘पित्तावर उत्तम’ एवढंच होतं. पुण्याच्या एका पाहुण्याने मला तो भारदस्त शब्द शिकवला आणि सरबताचा खप वाढला. माणसं ग्लास घेऊन उभी राहिली की मी त्यांना पेशी, रंगद्रव्यं आणि बाहेरून होणारे हल्ले यांवर व्याख्यान देत असे. पेशी मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत. पण दिवसातून इतक्यांदा तेच तेच सांगितल्यावर गिऱ्हाइकांचा विश्वास बसो न बसो, माझा ठाम बसला.

अशात बायकोच्या घशात गाठ निघाली. गोव्यातल्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की किरण द्यावे लागतील, काही आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. गाठ लहान आहे, बरी होईल, पण मधे खंड पडता कामा नये. किरणांनी चांगल्या पेशींनाही थोडा त्रास होतो, तोंड येतं, गिळायला जड जातं, चव जाते. वजन मात्र टिकवायचं. तिच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करून घेतला होता. किरण देताना तो चढवून तिला टेबलाला जखडून ठेवत. वजन उतरलं की मुखवटा सैल होतो, नेम चुकतो, मग सगळं थांबवावं लागतं. बाई इतकं सगळं सांगत होत्या आणि मी त्यातलं एकच वाक्य धरून बसलो होतो, चांगल्या पेशींना त्रास होतो ते. माझ्या बायकोच्या पेशींना त्रास? आणि मी काय फक्त पर्यटकांच्याच पेशी राखायच्या?

मे महिना होता, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले होते. मी कामाला लागलो. रातांब्यांचं आगळ, म्हणजे दाट खारवलेला रस, काढलं, त्यात जांभळांचा रस घातला, करवंदं चिरडली, माळ्यावरच्या बरणीतले सुकवलेले आवळे उकळून ओतले. फोनवर वाचलं होतं की फळाचा रंग जितका गडद तितका गुण जास्त. मग ते सगळं चुलीवर इतकं आटवलं की पळीला चिकटायला लागलं. चव बघितली तर डोळे आपोआप मिटले. औषध असंच असायला हवं, असं मी स्वतःला समजावलं. आमच्याकडे आगळ जुन्या दारूच्या बाटल्यांतच भरतात, तसं तेही भरलं आणि बाटल्यांवर पट्टी चिकटवून ‘अर्क’ असं लिहिलं.

गोव्यात इस्पितळाजवळ एक खोली भाड्याने घेतली. स्टोव्ह होता, दोन भांडी होती. स्वयंपाक ती करायची, कारण मला चहापलीकडे काही येत नव्हतं. ‘राहू दे, मी करतो’ असं मी एकदा म्हणून बघितलं होतं. त्या दिवशीचा भात आम्ही दोघांनीही पुन्हा कधी बोलण्यात आणला नाही. किरण घेऊन आलो की मी तिला अर्काची वाटी भरून द्यायचो.

“माका आंबट झोंबता वो,” ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली.

“झोंबता म्हणजे काम करता,” मी म्हणालो आणि पेशीची आकृती हवेत काढून दाखवली.

पुढे तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं. सांगायला लाज वाटते, पण ते मला फार सोयीचं होतं. ती वाटी हातात घ्यायची, मान हलवायची, मी मासे आणायला बाहेर पडायचो आणि परत येईपर्यंत वाटी रिकामी, धुऊन पालथी घातलेली असायची. मला केवढा अभिमान वाटायचा! एवढी जळजळ सोसून बाई घेते म्हणजे तिलाही गुण पटलाय. त्याच दिवसांत तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं कधी नव्हे इतकं जमत होतं. रंगाला जरा जांभळट होतं, पण आंबटपणा असा की मी तिसऱ्यांदा भात वाढून घ्यायचो. गोव्याच्या पाण्याचा गुण, असं मी तिला सांगितलंसुद्धा. ती माझ्याकडे बघत आपली पेज चमच्याने ढवळत राहायची.

एका शनिवारी आम्ही घरी येत होतो. सरहद्दीवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी अडवली. गोव्याकडून येणाऱ्या गाडीत दारूच्या बाटल्या, त्याही अर्धवट भरलेल्या, म्हटल्यावर शिपायाचे डोळे चमकले. त्याने बूच काढून वास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

“हे काय आहे?”

मी त्याला अँटिऑक्सिडंट समजावायला लागलो. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, तरी मी जांभळाच्या रंगद्रव्यापर्यंत पोचलो होतो. शेवटी शिपाई खिडकीतून बायकोला म्हणाला, “वहिनी, तुम्ही हे खरंच पिता?”

ती इतकी हसली की तिला खोकला आला. तिला असं हसताना बघून बरेच दिवस झाले होते, म्हणून मी कारण विचारलं नाही.

सोमवारी इस्पितळात वजनकाट्याने माझी मस्ती उतरवली. वजन घटलं होतं. मुखवटा चढवून बघितला तर गालाशी बोट जाईल इतकी फट. डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. अजून उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, नाहीतर नवा मुखवटा होईपर्यंत किरण थांबवावे लागतील. आणि थांबणं तर मुळीच बरं नाही. खाण्यात काय काय देता, म्हणून त्यांनी विचारलं. मी पिशवीतून बाटली काढली आणि ऐटीत टेबलावर ठेवली.

त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि लगेच बंद केलं. “काका, काकूंच्या तोंडात सालपटं निघालीत. त्यावर हे?”

“पण पेशींचं रक्षण...”

“कुठल्या पेशींचं?” त्या म्हणाल्या. “आम्ही जी गाठ मारायला बघतोय, तिच्याही पेशीच असतात. त्यांना ‘हे तुमच्यासाठी नाही’ असं सांगणार आहात का तुम्ही? ताटात फळ आलं तर माझी हरकत नाही. पण असं आटवून, मोठाले डोस करून किरण चालू असताना द्यायचं नसतं. नुकसान होईलच असं मी छातीठोक सांगत नाही. होणार नाही, असं मात्र कुणीच सांगू शकत नाही. किती दिवस देताय?”

मला घाम फुटला. मी रोज, न चुकता, कौतुकाने त्या गाठीचीच राखण करत होतो की काय?

बायकोने डॉक्टरांच्या टेबलावर हलकेच बोट वाजवलं आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, “पयलो घोट सोडलो तर मी एक थेंब पिवक नाय. सगळा ह्यांच्या तिखल्यात घातलंय.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या पेशी तेव्हा बहुधा सबंध गोव्यात सर्वांत सुरक्षित होत्या. मला हसायलाही येत होतं आणि तिचे पाय धरावेत असंही वाटत होतं. यातलं काहीच न करता मी बाटली पिशवीत कोंबली.

खोलीवर परतताना तिने एवढंच सांगितलं, “टाकूक जीव होईना. तुमी इतक्या हौशीन केलेलास.”

त्या दिवसापासून स्वयंपाक माझ्याकडे आला. उकड्या तांदळाची पेज, तूप घातलेली. फेटून शिजवलेलं अंडं. दुधात कुस्करलेलं केळं. तिची चव पूर्ण गेली होती. मी वाढेन ते गिळायची आणि “बरा आसा” म्हणायची. ह्या “बरा आसा”ची मला खरी भीती बसली. उभ्या जन्मात जिने माझ्या सासूच्या हातचंसुद्धा नावं ठेवल्याशिवाय खाल्लं नाही, ती माझ्या करपलेल्या पेजेला बरं म्हणते म्हणजे तिच्यातलं काहीतरी कायमचं गेलं, असं मला वाटायचं. वजन मात्र टिकलं. नळी टळली, किरण खंड न पडता पुरे झाले आणि आम्ही घरी आलो. तपासणीत गाठ दिसेना. सगळे म्हणाले, देवाने राखलं. ती ताटावर बसायची, गिळायची, “बरा आसा” म्हणायची आणि उठायची. असे कितीतरी महिने गेले.

एके दुपारी मी मुडदुशे केले. आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला हेच मासे देतात. सकाळचेच, फडफडीत आहेत, असं विकणारीने शपथ घेऊन सांगितलं होतं आणि मी घासाघीस न करता घेतले होते. बायकोने पहिला घास तोंडात घातला आणि चावायची थांबली. मला वाटलं काटा लागला. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो.

तिने ताट दूर सारलं. “हे मुडदुशे खंय गावले तुमका? कालचे आसत.”

मी तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिलो. एक घास मीही खाऊन बघितला. मला काही म्हणजे काही कळलं नाही. आणि मग मी तिच्यासमोर, भर दुपारी, ओक्साबोक्शी रडायला लागलो.

“रडतास कित्याक?” ती वैतागून म्हणाली. “उद्या मी येतंय बाजारात.”