पत्र्यावरचं बियाणं

गैरअर्जदार : मी स्वतः, अर्जनवीस, बाळापूर. बाधित व्यक्ती : माझ्या वहिनी, सुमनबाई. साक्षीदार : कोणी नाही — म्हणूनच हे आजवर कोणालाही सांगितलेले नाही. लोकांच्या तक्रारी मी अशा मांडतो, की कचेरीतले साहेबही माझा मसुदा दुसऱ्यांदा वाचतात. स्वतःविरुद्ध मात्र लेखणी कधी उचलली नाही.

ज्या घरात राहून मी दहावीपर्यंत शिकलो — उत्तीर्ण झालो असे म्हणत नाही — तेथे माझे ताट वहिनींनीच वाढले.

त्या साली दादाच्या वावरात प्रथमच सोयाबीन पेरायचे होते. वहिनींनी कृषी केंद्रातून मुळांवर गाठी धरून पिकाला हवेतला नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंची काळी पुडी आणली, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळली आणि बियाणे ओसरीत पसरले.

"भाऊजी, हे उन्हात नोका टाकजा. यातले जीव मरतात."

"पुडीत जीव? मंग त्याइले चहा पाजू काय, वहिनी?"

त्या हसत विहिरीवर गेल्या. आणि मी — मला शहाणपण दाखवायचे होते, दुसरे काय? — बियाणे भर उन्हात तापल्या पत्र्यावर टाकले. वाळल्यावर गुपचूप ओसरीत आणून ठेवले.

पीक पिवळे पडले. झाड उपटले, तर मुळांवर एकही गाठ नाही. दादा म्हणाला, "तुया पुडीनंच वावर खाल्लं." गावात वहिनी 'पुडीवाली' झाल्या. "मी सावलीतच वाळवलं होतं," एवढेच त्या सांगत राहिल्या. मी शेजारीच उभा होतो. बोललो का? नाही.

परवा अमरावतीला पुतणीचे व्याख्यान ऐकले. ती तेथे कॉलेजात शिकवते. तिने सांगितले : फ्रान्समधल्या दोघा शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळूतून सावकाश झिरपवले. आधी काहीच नाही. काही दिवसांनी त्यातल्या अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. निव्वळ रसायनाची क्रिया असती, तर ती सुरू व्हायला इतके दिवस थांबली असती कशाला? मग त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली — काम बंद. थोडे मातीचे पाणी घातले — पुन्हा सुरू! म्हणजे राबणारे जिवंत होते.

मला क्लोरोफॉर्म लागला नाही. पत्रा पुरला.

"पण मातीतले असे जीव मले पह्यल्यांदा आईनं दाखवले," पुतणी म्हणाली, आणि सभागृह हसले. खरेच आहे. एवढी नालस्ती झाल्यावरही वहिनींनी पुढल्या साली परसात चार ओळी पेरल्या, मुळावरची गाठ नखाने फोडून आतला गुलाबी रंग — जीव राबत असल्याची खूण — लेकीला दाखवला. त्या धीराचे आम्हा सर्वांवर उपकार आहेत. आणि त्याही साली माझे ताट तितक्याच मायेने वाढले गेले — ते मी जेवलो.

वावर पिवळे पडले ते माझ्यामुळे. वहिनी खरे बोलत होत्या.