मामानं दाखवलेली खिडकी

माझा मामा एकोणीस वर्षं रोज सकाळी दहा वाजता पंधरा-वीस अनोळखी लोकांना चुकीची खिडकी दाखवत होता. हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, वर्तमानपत्रातही छापून आलंय, त्यामुळे मी लपवून काही उपयोग नाही. पण छापणाऱ्यानं त्याला ‘थापाड्या गाईड’ म्हटलं ते मला अजून झोंबतं. मामा थापाड्या होता हे खरं. पण ती थाप कशी होती हे त्या शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही, म्हणून मी लिहायला बसले.

मामा मूळचा गाईड नव्हे. तो चित्रांच्या चौकटी करायचा. गल्लीच्या तोंडाशी एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं, इतकं ठेंगणं की उंच गिऱ्हाइकाला वाकूनच बोलावं लागे. “चित्रकारांना वाकायला लावणारा या गल्लीत मी एकटाच,” असं तो मोठ्या ऐटीत सांगायचा. सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास त्याच्या कपड्यांना कायमचा चिकटलेला. मामी म्हणायची, धुऊन धुऊन कापड विरलं पण वास गेला नाही.

गल्लीही तशीच अवलिया होती. घरमालक कानानं ठार बहिरा, म्हणून वाजवणारे-गाणारे तिथे येऊन राहिले. ते राहिले म्हणून त्यांचे मित्र आले, आणि मित्रांमध्ये चित्रकार निघाले, नाटकवाले निघाले, एक कवी निघाला, जो कागद संपला की जिन्याच्या भिंतीवर लिहायचा. एका शिल्पकाराचे अर्धवट पुतळे जिन्यात उभे असत आणि येणारे-जाणारे त्यांच्या हातांवर ओल्या छत्र्या अडकवत. कुणाचं काही अडलं की दार ठोठावायचं, दार उघडंच असायचं. मी मामाकडे जायची ते ती माणसं बघायला. आज त्या गल्लीत सुगंधी मेणबत्त्यांची चार दुकानं आहेत, आणि त्यांना पाहून माझं डोकं फिरतं. असो.

चौकट पुरी झाली की मामा मागच्या लाकडावर पेन्सिलीनं लिहायचा: चित्र कुणाचं, कुठला मजला, कुठलं दार. पुढून बघून चित्र ओळखायच्या भानगडीत तो पडत नसे. एकदा पडला होता, तेव्हा दोन चित्रकारांची चित्रं अदलाबदल करून आला. दोघांनीही आठवडाभर तक्रार केली नाही! त्या दिवसापासून त्यानं कानाला खडा लावला.

त्या चित्रकारांपैकी एकाचं पुढे फार मोठं नाव झालं. पण त्याच्या हयातीत गल्लीत त्याला कुणी विशेष मानत नसे. विशेष होत्या त्या त्याच्या पत्नी. त्या नाटकाचे कपडे शिवायच्या, आणि गल्लीतल्या अर्ध्या लोकांची फाटकी कोपरंही त्यांनीच शिवलेली. मामा त्यांना वहिनी म्हणायचा, त्यामुळे आम्ही सगळेच वहिनी म्हणायचो. तिसऱ्या मजल्यावर डावीकडे त्यांची एक खोली. खिडकीशी शिवणाचं मशीन, आणि उरलेल्या जागेत नवऱ्याची चित्रं. चित्रकार वारला तेव्हा दहाजणही जमले नव्हते. नाव झालं ते नंतर चार-पाच वर्षांनी.

त्याच सुमारास कारखान्यातल्या तयार चौकटी आल्या आणि मामाचं दुकान बसलं. पंचावन्नाव्या वर्षी काय करायचं? गल्ली बघायला येणारी माणसं पत्ते विचारत फिरत होतीच. मामा त्यांच्यापुढे चालायला लागला. पुढे रीतसर बिल्ला मिळाला. जवळची एक रिकामी छोटी चौकट तो हातात उंच धरायचा आणि म्हणायचा, “यातून बघा, म्हणजे फालतू दिसायचं नाही.” लोकांना त्यातून पुतळ्यांचा जिना दिसायचा, कवीची भिंत दिसायची, आणि सगळ्यात शेवटी त्या चित्रकाराची खिडकी. सुरुवातीच्या महिन्यात खरीच खिडकी.

मग एक दिवस दुपारी वहिनी मामाच्या घरी आल्या. मामी घरात होती, तिच्याकडूनच मला हे कळलं. वहिनी बसल्यासुद्धा नाहीत.

“तू माझा दीर म्हणवतोस ना?” त्या म्हणाल्या. “मग मला जगू दे. सकाळपासून माणसं जिना चढून येतात. काल एकानं खिडकीवर यांच्या हातून सांडलेला निळा रंग नखानं खरवडून रुमालात बांधून नेला. मी तिथंच बसले होते, माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं.”

मामा म्हणाला, “उद्यापासून कुणी यायचं नाही. आणि तुम्ही सांगितलंत हेही कुणाला कळायचं नाही. शब्द दिला.”

दुसऱ्या दिवशी त्यानं चौकट उलट्या बाजूला फिरवली आणि समोरच्या घराच्या तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं. तिथे एक बटणांचा व्यापारी राहायचा. आधी तो वैतागला, मग खूश झाला, मग खिडकीत फुलझाड ठेवलं, आणि दहाच्या सुमाराला तिथे येऊन उभा राहू लागला. दोन-तीन वर्षांत त्याला स्वतःलाच पटलं. “इथेच उभं राहून काढायचे ते, उजेड असा यायचा,” असं तो वर बोलावून लोकांना सांगायचा. मामानं मारलेल्या थापेला बटणवाल्यानं बाह्या शिवल्या, काजं केली, बटणंही लावली.

इथवर ठीक होतं. मग जुनी घरं सांभाळणारी समिती आली. त्यांनी कुणाला विचारलं? गल्लीचा जाणकार म्हणून मामालाच! जुनी माणसं तोवर गल्ली सोडून गेली होती, आणि नव्यांना वहिनी नुसत्या शिवणवाल्या म्हणून ठाऊक होत्या. तिथेच त्यानं तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. समोरच्या घरावर पितळी पाटी बसली, भाषणं झाली. “सगळ्यांत जोरात टाळ्या तुमच्याच होत्या,” असं मामीनं त्याला घरी आल्यावर सुनावलं. मामा म्हणाला, “घामानं हात ओले होते, म्हणून आवाज मोठा आला.”

गेल्या वर्षी वहिनींच्या घरावर नोटीस लागली. घर पाडून तिथे उंच इमारत होणार, तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा. पाटी असलेल्या घराला हात लावायचा नाही असा नियम होता. पण पाटी समोर होती. एक्क्याऐंशी वर्षांच्या वहिनी, मूलबाळ नाही, जाणार कुठे? मामा जिना चढून वर गेला.

“वहिनी, मी समितीला खरं सांगतो. घर वाचेल.”

“आणि मग?” वहिनींनी मशीन थांबवलं नाही. “पुन्हा रुमाल घेऊन येतील. नको. पडू दे.”

“पडल्यावर राहाल कुठे?”

“ते माझं मी बघेन. तू शब्द दिलायस.”

मामा परत आला. चार दिवस तो याच विचारात होता. एका बाजूला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला म्हातारीच्या डोक्यावरचं छप्पर, आणि हा पेच त्याच्याच जिभेनं घातलेला. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला आणि समितीच्या कचेरीत जाऊन सांगितलं की पाटी चुकीच्या घरावर आहे.

कुणी विश्वास ठेवीना, आणि समितीची माणसं विचारायला गेली तर वहिनींनी दार उघडलं नाही. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, त्यांच्या पुस्तिकेत समोरच्या खिडकीवर दोन पानं. बटणवाला तर शपथेवर सांगायला तयार. शेवटी मामा म्हणाला, “साहेब, संग्रहालयात चित्रं टांगली आहेत ना, ती एकदा भिंतीकडे तोंड करून ठेवा. चौकटी माझ्या हातच्या आहेत.”

तीन चित्रं उतरवली. तिन्हींच्या मागे मामाचं वेडंवाकडं अक्षर होतं: ‘शिवणवाल्या वहिनी. तिसरा मजला डावीकडे. जिना मोडका, जपून.’ मोडका जिना फक्त एकाच घराला होता, तो आजही मोडकाच आहे.

“मग इतकी वर्षं खोटं का बोललात?” अध्यक्षांनी विचारलं.

‘वहिनींनीच सांगितलं होतं’ एवढं एक वाक्य बोलला असता तर मामा सुटला असता. पण तो म्हणाला, “समोरची खिडकी फोटोत बरी दिसते, साहेब. लोक खूश होतात. मारली थाप.”

घर वाचलं. मामाचा बिल्ला काढून घेतला. वर्तमानपत्रात ते छापून आलं, बटणवाल्यानं ओळख टाकली, आणि त्याच्या भिंतीवर पाटीच्या जागी चार भोकं उरली. वहिनींनी शब्द मोडला म्हणून मामाशी बोलणं सोडलं आणि खिडकी लावून घेतली ती लावलीच. सात महिने! मला त्यांचा भयंकर राग आला. जाऊन चार शब्द सुनावावेत असं दहा वेळा मनात आलं, पण मामानं हात धरून बसवलं. तो स्वतः दहा वाजले की सवयीनं घराबाहेर पडायचा, रिकाम्या हातानं, आणि सगळ्या थांब्यांवर थोडा थोडा वेळ थांबून परत यायचा. एकदा मी मागून बघितलं. पुतळ्यांच्या जिन्याशी त्याचे ओठ हलत होते. गेली ती माणसं आणि गेलं ते सांगणंही, असं वाटून मला तिथेच रडू आलं.

परवाच्या रविवारी मी त्याच्याबरोबर गेले. नवी गाईड मुलगी पंचवीसजणांना घेऊन खऱ्या घराखाली उभी होती, कमरेला कर्णा, कानाला माईक. आम्ही मागे उभे राहिलो.

“आणि आता एक गंमत,” ती म्हणाली. “एका जुन्या गाईडनं एकोणीस वर्षं लोकांना समोरची खिडकी दाखवून शेंडी लावली!”

सगळे हसले. मी पुढे निघाले, तर मामानं माझं मनगट दाबलं. “बोलू दे. बरं सांगते ती. फक्त वळणावर फार भराभर चालते, म्हातारी माणसं मागे राहतात.”

तेवढ्यात वर कडी वाजली. सात महिने बंद असलेली खिडकी अडखळत उघडली आणि वहिनी बाहेर वाकल्या. पंचवीस फोन वर गेले.

“ए मुली,” वहिनी ओरडल्या, “ते यंत्र बंद कर आणि ऐक. त्यानं शेंडी लावली नाही. मी सांगितलं होतं त्याला, माझ्याकडे माणसं आणू नकोस म्हणून. एकोणीस वर्षं मी इथे सुखानं शिवत बसले ती त्याच्यामुळे. आणि अजून इथे आहे तीही त्याच्यामुळेच. हे सांगत जा लोकांना.”

वहिनींनी गर्दीवरून नजर फिरवली आणि मामावर येऊन थांबवली.

“तू काय तोंड लपवतोस मागे? वर ये. एकटाच ये.”

मी मामाच्या पाठीवर हात ठेवून हलकेच ढकललं, तेव्हा तो गर्दीतून वाट काढत निघाला. ती मुलगी बाजूला झाली आणि का कोण जाणे, कानावरचा माईक काढून उभी राहिली. मोडक्या जिन्यावर मामाची पावलं तीन मजले सावकाश वाजत गेली. लोक फोटो काढतच होते. वहिनींनी खिडकी लावून घेतली नाही.