सरकलेला रकाना

परळीत इंटरनेट मीच आणलं. टेलिफोनवाल्यांनी तार ओढली असेल, नाही म्हणत नाही. पण गावातलं पहिलं वेब पेज माझं, आणि ते बघायला अमेरिकेतून रोज दहा हजार लोक यायचे. निदान मी तरी तसं सांगायचो.

पेज रक्तदात्यांचं होतं. दिंद्रुड गावच्या रक्तदान शिबिरातली यादी मी डेटाबेसमध्ये भरली आणि पेजवर तीन रकाने पाडले: नाव, रक्तगट, फोन. प्रत्येक माणसाची वेगळी ओळ करायचा कंटाळा केला. सगळी नावं एका उभ्या चौकटीत ओतली, सगळे गट शेजारच्या चौकटीत. दिसायला असं सरळ, की गवंड्यानं ओळंबा लावून बघावं! फोनचा प्रश्नच नव्हता. त्या अख्ख्या गावानं एकाच किराणा दुकानाचा नंबर दिलेला.

एका दुपारी दाजी धापा टाकत माझ्या सायबर कॅफेत आले. माझी बहीण अक्का बाळंत झाली होती. बाळ ठीक होतं, पण अक्काचं रक्त थांबत नव्हतं.

"ओ निगेटिव्ह पायजे. अंबाजोगाईतबी न्हाई. डॉक्टर म्हनतेत, दोन तासांत आना. लई फुशारकी मारता ना, काढा आता तुमच्या डब्यातून!"

यादीत ओ निगेटिव्ह एकच होता. त्याच्या शेजारचं नाव वाचून मी दुकानात फोन लावला. दुकानदारानं त्या माणसाला हाक मारून आणलं.

"माजा ए पॉझिटिव्ह हाय, सायेब. कार्ड खिशातच हाय."

मी नावं मोजली: साठ. गट मोजले: छप्पन्न. चौघांचा गट लिहायचाच राहिला होता, आणि माझ्या प्रोग्रामनं रिकाम्या जागा गाळून खालचे गट वर ओढले होते. मूळ यादीची फ्लॉपी परळीच्या वीजकेंद्राच्या राखेनं खाल्लेली, उघडेना.

"कावून मोजत बसलात?" दाजी ओरडले.

"गट वर सरकलेत, दाजी. जास्तीत जास्त चार घरं. म्हणजे आपला माणूस या नावाच्या खालच्या चौघांत हाय."

"पक्कं?"

"पक्कं." आयुष्यात खरं बोलताना मी एवढा कधी भ्यालो नव्हतो.

दुकानदारानं तिघांना गोळा केलं. फोनवर एकेक कार्ड वाचलं गेलं. ए पॉझिटिव्ह. ओ पॉझिटिव्ह. मग कितीतरी वेळ नुसती खरखर. बी पॉझिटिव्ह. दाजी माझ्याकडं बघेनात.

"चौथा मेंढरं घिऊन माळावर गेलाय," दुकानदार म्हणाला.

"मोटारसायकलवर बसवून धाडा त्याला!"

"अन् मेंढरं कोन बघल? तुमी?" मग तोच म्हणाला, "बरं, दुकान बंद करतो. मीच बसतो माळावर."

दोन तासांना दहा मिनिटं कमी असताना दवाखान्याच्या दारात खांद्यावर घोंगडी टाकलेला तो माणूस उतरला. लॅबवाल्यानं त्याचं रक्त तपासलं, अक्काच्या रक्ताशी जुळवलं आणि आतूनच ओरडला, "जुळलं!"

संध्याकाळी अक्काचं रक्त थांबलं, तिनं पाणी मागितलं. दाजी त्या माणसाच्या पायाशी वाकले, तसा तो दचकून मागं सरला.

"हे काय करता, पाव्हनं! मला लवकर सोडा. त्यो दुकानदार लई भितो हो मेंढरांना."