दुसऱ्याच्या नावाची पाटी

माझ्या मावशीला फसवलं गेलं ते दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, तालुक्याच्या रजिस्ट्री कचेरीच्या पायरीवर. संघटनेची पत्रकं लिहून लिहून मला एवढंच कळलंय: कुणावर अन्याय झाला आणि कधी, हे आधी सांगायचं. कुणी केला ते ओघानं येतंच.

मावशी एकटी. तलवाड्यातलं तीन खोल्यांचं घर विकून मांजरसुंब्याला लेकीशेजारी राहायला जायचं, एवढंच तिला हवं होतं. घेणारा गावातलाच, निवडणुकीत हात जोडून फिरणारा. त्यानं इसाराची आगाऊ रक्कम दिली, इसारपावती झाली, खरेदीखताला तीन महिन्यांची मुदत ठरली. मुदतीचा शेवटचा दिवस तो सोमवार. आदल्याच दिवशी त्यानं मिस्त्री पाठवून दाराशेजारच्या भिंतीवर स्वतःच्या आडनावाची काळ्या दगडाची पाटी बसवली. "उद्या तर होतंच की, मावशे." मावशीनंही विश्वासानं देव्हाऱ्यातले देव तांदळाच्या डब्यात घालून लेकीकडं धाडले.

सोमवारी मावशी आणि मी अकरापासून कचेरी बंद होईस्तोवर पायरीवर बसलो. तो आला नाही. फोनवर म्हणाला, "घाई कावून करता? आपलंच घर हाय."

त्या 'आपलंच'मध्ये कोण कोण येतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

संक्रांतीनंतर मी पुन्हा तलवाड्याला मावशीकडं गेलो. भर दुपार, गल्ली रिकामी. मावशी गिरणीवरून पीठ घेऊन माझ्यापुढं चालत होती. दाराशी आली, कुलूप काढलं आणि कडी वाजवली. तीनदा. मग कान देऊन थांबली.

"आत कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"मग वाजवतीस कुणाला?"

तिनं पाटीकडं बघितलं. "विचारल्याबिगर कसं जावं?"

मला हसू आलं नाही. आत भिंतींवर एक खिळा नव्हता. कॅलेंडर फरशीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं. खिळा मारायचा तर 'त्यांना' विचारावं लागेल, म्हणे. देव्हारा रिकामा. तिन्ही खोल्या झाडूनपुसून लख्ख, आणि तिचं अंथरूण उंबऱ्याच्या आत, चपलांशेजारी. ती हळू आवाजात बोलत होती, आतल्या खोलीत कुणी निजलं असावं तशी. थोड्या वेळानं मीही तसाच बोलतोय हे ध्यानात आलं.

तेवढ्यात गॅसवाला आला. पाटी वाचून म्हणाला, "मालक हायत का?"

"बाहेर गेलेत," मावशी म्हणाली. न अडखळता, रोजचंच उत्तर असल्यासारखं.

चार वाजता 'मालक' खरंच आला. सोबत अनोळखी जोडपं. आधी त्यानं रुमालानं पाटी पुसली, मग जोडप्याला खोल्या दाखवून दर सांगायला लागला. त्यातल्या बाईनं मावशीकडं बघून विचारलं, "या कोण?"

"राखणीला ठेवलंय. लई इमानदार हाय."

आणि मावशी निमूट चहा टाकायला उठली.

तर हा डाव होता. स्वतः खरेदी करायचीच नव्हती. इसारावर घर अडकवायचं, चढ्या दरानं तिसऱ्याच्या गळ्यात मारायचं, आणि तोवर मालकिणीची राखणदारीण करून टाकायची. मी जोडप्यासमोरच विचारलं, "काका, खरेदीखत दाखवता का?"

"तू मधे कावून बोलायला बे?"

"घर मावशीच्या नावावर हाय. तुमचा फक्त तो दगड हाय."

जोडपं चहा न घेताच गेलं. त्यांच्यामागं तोही गेला.

दुसऱ्या दिवशी वकिलाकडून नोटीस लिहून घेतली: पंधरा दिवसांत रजिस्ट्रीला हजर राहा, नाहीतर व्यवहार रद्द. सही करताना मावशीचा हात थांबला. "त्यांना विचारलंस का?"

"नोटीस त्यालाच चाललीय, मावशी."

तरी ती पेन धरून दाराकडं बघत राहिली. शेवटी सही केली, कुणी ऐकत असल्यासारखी, पेनाचा आवाज न करता.

पंधराव्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच पायरीवर. कुणी आलं नाही. सोळाव्या दिवशी मी पाटी उखडली. खाली भिंतीचा जुना निळा रंग, हात लावला तर बोटाला लागेल असं वाटावं इतका ताजा. लेक देवांचा डबा घेऊन आली. मावशीनं डबा काखेत धरला, उघड्या दाराशी गेली आणि कडी वाजवलीच. एकदा.

आतून कुणी बोललं नाही.

"मी हाय," मावशी म्हणाली. मोठ्यानं. आणि आत गेली.

तुमच्या कपाटात इसारपावती असेल तर आत्ता काढा. मुदतीची ओळ मोठ्यानं वाचा. तारीख टळली असेल तर उद्याच वकिलाकडून लेखी नोटीस धाडा. आणि रजिस्ट्री होईस्तोवर तुमच्या भिंतीत कुणालाही एक खिळा ठोकू देऊ नका.