मंगलाष्टकं चालू असताना

आरतीला जळक्या वासाची धास्ती होती. ती मूळची पाथर्डीकडची. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, आणि ती लहान असताना कारखान्याच्या तळावर त्यांची उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, डोळ्यांदेखत पेटली. माणसं वाचली, पण तेव्हापासून कुठं काही करपलं की ती हातातलं टाकून वास कुठून येतो ते शोधायला धावायची. लग्न होऊन ती देवळाली प्रवरेला आली. सासऱ्यांचं, आबासाहेबांचं, तिथं छोटं मंगल कार्यालय. माईक आणि ॲम्प्लिफायर सांभाळायचं काम हळूहळू तिच्याच गळ्यात पडलं.

ॲम्प्लिफायर स्टेजलगतच्या खोलीत असायचा. त्यावर हॉलमधल्या स्पीकरची एकच जोडी कैक वर्षं सुखानं चालली होती. यंदा धाकट्या दिरानं, कल्याणनं, जेवणाच्या शेडमध्ये, अंगणात आणि फाटकावर आणखी तीन जोड्या टांगल्या. सगळ्यांच्या वायरी पिळून पहिल्या जोडीच्याच जागी कोंबल्या.

"भाऊजी, येवढे स्पीकर झेपतील का त्याला?" तिनं भीत भीत विचारलं.

"वहिनी, आवाज येतोय न्हवं? मग झालं की."

पुढच्याच लग्नात, भर दुपारच्या मुहूर्ताला, अंतरपाट धरलेला असताना तिला तो वास आला. तिनं ॲम्प्लिफायरच्या झाकणावर हात टेकवला आणि चटका बसून मागं घेतला. पाठीमागच्या जाळीतून धुराची बारीक रेघ निघत होती. वर स्टेजच्या कापडी झालरी खोलीच्या दारापर्यंत लोंबत होत्या, आणि पलीकडं हॉल माणसांनी गच्च भरलेला.

मंगलाष्टकात आवाज तोडला तर अपशकुन म्हणतील. सासरे काय म्हणतील? नवरीच्या आईला काय वाटेल? थोडं थांबावं, एवढं कडवं तरी होऊ द्यावं, असं मनात आलं. तेवढ्यात आत काहीतरी तडतडलं. तिनं भिंतीवरचं बटण दाबलं आणि पिनही उपसून काढली.

भटजींचा सूर मध्येच तुटला. सगळा हॉल खोलीकडं वळून बघायला लागला. आरती दारात उभी होती, पिन हातातच. आबासाहेब लगबगीनं आले.

"काय झालं गं?"

"मामा, धूर निघतोय. आग लागंल."

आत डोकावून त्यांचा चेहरा उतरला. कल्याणनं पोत्यानं धरून तो खोका मागच्या अंगणात नेऊन ठेवला. इकडं नवरीची आत्या गोजरबाई पुढं झाली. "माईक कशाला पायजे? म्हना तसंच," असं म्हणून तिनं तुटलेलं कडवं मोकळ्या गळ्यानं उचललं. बायका तिच्यामागून गायला लागल्या, आणि लग्न लागलं. त्या आवाजात आरती खोलीतल्या खोलीत भिंतीला टेकून रडली.

राहुरीच्या दुरुस्तीवाल्या ज्ञानेश्वरनं खोका उघडून पाहिला. "चारी जोड्या एकाच जागी शेजारी शेजारी बांधल्या, म्हणून करंटची वाट मोकळी झाली. अडथळाच उरला न्हाई. तो अडथळा ओहममधी मोजत्यात. हे यंत्र चार ओहमच्या खाली चालवायचं न्हाई, तुमी दोनावर आनलं." मग त्यानं कागदावर काढून दाखवलं: प्रत्येक जोडीतला डावा, असे चार स्पीकर घ्यायचे, दोन-दोन एकामागं एक जोडायचे, मग ते दोन गट शेजारी शेजारी. उजव्या चारांचंही तसंच. एका स्पीकरइतकाच भार राहतो. "सगळे सारखेच, आठ ओहमचे हायेत, म्हणून जमतंय. वायर जोडताना पिन काढलेली पायजे, आन तांब्याचा एक तंतूसुद्धा दुसऱ्याला शिवता कामा नये."

ॲम्प्लिफायर दुरुस्त होऊन आला, तेव्हा काढलेली पिन नजरेसमोर ठेवून आरतीनं वायरी सोडवल्या. कल्याण शिडीवर होता. लाल लालला, काळी काळीला, जिथं एकामागं एक तिथं एकाची काळी दुसऱ्याच्या लालला. प्रत्येक टोकाला तिनं टेप गुंडाळली.

"लावू का?" कल्याणनं विचारलं.

"थांबा, भाऊजी. झालरी आधी बांधून घ्या."

झालरी वर बांधून झाल्या, तेव्हा तिनं आवाजाची कळ पार खाली आणली, पिन खोचली, डोळे मिटले आणि बटण दाबलं. चारी ठिकाणांहून सनई हळू वाजली. जेवणाच्या शेडमधून आबासाहेबांनी, ऐकू येतंय, असं ओरडून सांगितलं. आरतीनं झाकणावर तळहात ठेवला. कोमट होतं. तरी पुढच्या लग्नातही तिनं तसाच तळहात टेकवला, आणि अक्षता पडेपर्यंत उचलला नाही.