अरबस्तान लागलं तेव्हा तारेवर बोंबील होते

आमच्याकडे रेडिओ आला तेव्हा मी मॅट्रिकला होतो, आणि आवाज काढण्यात मॅट्रिकच्या कितीतरी पुढे. कोंबडा, लाँचचा भोंगा, हेडमास्तरांचा खोकला, बातम्या सांगणारी बाई, सगळं जमायचं. तेच पुढे अंगाशी आलं.

रेडिओ बॅटरीवरचा. मुंबईला कामाला असलेल्या मोठ्या भावाने तो गोधडीत गुंडाळून मांडव्याला उतरवला, तान्ह्या पोराला आणावं तसा. मुंबई स्टेशन काय, कुणालाही लागायचं. मला लांबचं पाहिजे होतं. मध्ये समुद्र असला की संध्याकाळी लांबची स्टेशनं पाण्यावरून येतात, असं भाऊ म्हणायचा. मग मी रेडिओच्या एरियलसाठी दोन माडांच्या मध्ये तांब्याची उघडी तार ताणली, दुसरी ओल्या वाळूत पुरली आणि रोज दिवस बुडाला की बटण केसाकेसाने फिरवत बसायला लागलो. खरखर, शिट्टी, परत खरखर.

आई आतून विचारायची, "रेडिओ लावलायस की मासे तळतोयस?"

आणि एका संध्याकाळी त्या खरखरीतून एक माणूस अरबी बोलायला लागला. मी कोळीवाडाभर ओरडत सुटलो, "अरबस्तान लागलं." लोक जमेपर्यंत स्टेशन गायब. मग मी ते कसं होतं ते करून दाखवलं, खरखरीसकट, शिट्टीसकट. तिथेच चुकलं. फारच हुबेहूब झालं.

"म्हंजे मगाशी पण तूच व्हतास," शेजारची काकी म्हणाली. "सोंगाड्या मेला."

काकीचा डोळा माझ्या तारेवर होता. बोंबलांचे दिवस. तिची वलांडी, म्हणजे मासळी वाळवायची बांबूची मांडणी, भरून गेलेली आणि माझी तार वाऱ्यावर रिकामी. तिला ते बघवत नव्हतं.

"उद्या सगल्यांच्या समोर लाव तुजा अरबस्तान," ती म्हणाली. "न्हाय लागला तं तार माजी."

"आणि लागला तर?"

"तं तुजी. तुजीच हाय ना."

म्हणजे जिंकून मला माझीच तार मिळणार होती. तरी मी हो म्हटलं. सगळा कोळीवाडा खोटारडा म्हणत असताना माणूस दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो तर तारेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लोंबतायत.

"काकी, मी अजून हरलो न्हाय."

"तू हरंपर्यंत मासली थांबल काय रं?"

काढायला वेळच नव्हता. ओसरी भरली होती. पंच म्हणून पलीकडच्या मोहल्ल्यातले चाचा आले होते. जन्मभर बोटीवर खलाशी, बसऱ्याच्या बंदरात कित्येक खेपा केलेल्या. मी बटणाला हात घातला तशी काकी आईला म्हणाली, "वैनी, तांब्या आना. याचे तोंडान पानी भरा."

आईनेही आणलं. सख्खी आई. गाल फुगवून मी बटण फिरवायला लागलो. खरखर. मुंबई. खरखर. पोरं माझ्या गालांकडे बघून फिदीफिदी हसतायत आणि मला त्यांना साधी शिवी देता येत नाही. बाहेर बोंबील हलले की आत शिट्टीचा सूर बदलायचा. गेली तार, म्हटलं मनात.

आणि आलं. आधी लांबून, मग एकदम ओसरीत येऊन बसल्यासारखं. माणूस अरबीत बोलत होता. सगळ्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. गाल तसेच. मग रेडिओकडे. मग परत माझ्याकडे.

चाचा कान लावून ऐकत होते. "काय सांगतोय, चाचा?" कुणीतरी हळूच विचारलं.

"खजूर," चाचा म्हणाले. "औंदा खजूर चांगला झालाय म्हणतो."

"बग," काकी लगेच म्हणाली, "माजे बोंबील टांगले तवा लागला. काल नुसती तार व्हती, तं पलाला."

मला हसू आवरेना. तोंडातलं सगळं पाणी चाचांच्या सदऱ्यावर गेलं. रेडिओ वाचला.

तार माझ्याकडेच राहिली आणि बोंबील तारेवर राहिले. काढायला गेलो की काकी म्हणायची, "काढ, मंग बग काय ऐकतोस ते." खरं सांगायचं तर काढायची माझीही छाती नव्हती.

त्यानंतर रोज संध्याकाळी बोंबील उलटेपालटे करताना काकी हाक मारायची, "लागला का रं?" कंटाळा आला की मी घरातूनच थोडं अरबी, थोडी शिट्टी सोडून द्यायचो.

"तुजा नको," बाहेरून आवाज यायचा. "खरा लाव."